हुबेहूब बाईंसारखं

तोंडी परीक्षा झाल्यावर बाकीच्यांना निकाल सांगून सोडून दिलं आणि मला तेवढं आतल्या खोलीत बसवलं. टेबलावर पाण्याची बाटली होती आणि टिशू पेपरचा नवाकोरा डबा. कुणीतरी पहिला कागद अर्धा वर ओढून ठेवला होता.

पुण्यातल्या त्या परीक्षा केंद्राच्या समुपदेशक समोर येऊन बसल्या. आधी चांगली बातमी सांगितली. माझं जर्मन इतकं स्वच्छ होतं, की ऐकणाऱ्या यंत्राने मला तिकडेच वाढलेली मुलगी ठरवलं होतं. ड्रेस्डेनच्या एका प्रयोगशाळेत लेसर तंत्रज्ञ म्हणून माझी जागा ठरलेली होती, फक्त व्हिसा उरला होता. व्हिसासाठीची आरोग्य तपासणी परीक्षेच्या ध्वनिमुद्रणावरूनच होते, हे मला माहीत होतं. आवाजावरून फुप्फुसांचे, हृदयाचे, मज्जासंस्थेचे आजार हुडकणारी यंत्रं आता आमच्या मिरजेतल्या दवाखान्यांतही आहेत.

"सुमेधा, तुमच्या आवाजात पार्किन्सनच्या अगदी सुरुवातीच्या खुणा सापडल्या आहेत," त्या म्हणाल्या. "हे निदान नाही, इशारा आहे. पण ठळक इशारा आहे."

मी तेवीस वर्षांची होते. हा आजार म्हाताऱ्या माणसांना होतो ना, असं मी विचारलं. बहुतेक वेळा, असं उत्तर आलं आणि टिशूचा डबा माझ्याकडे जरासा सरकला. मला रडू आलं नाही. त्या पुढे बरंच काही समजावत होत्या, पण माझ्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. मी त्या अर्ध्या ओढलेल्या कागदाकडे बघत होते.

मिरजेला परतताना गाडीत मी उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला टेकवत राहिले. मग डाव्या हाताची. शेजारच्या आजोबांनी विचारलं, जप चाललाय का.

आई हॉस्पिटलांच्या गल्लीत खाणावळ चालवते. बाहेरगावच्या रुग्णांचे नातेवाईक हेच आमचं गिऱ्हाईक, त्यामुळे वाईट बातमी ऐकून आलेल्या माणसाशी काय बोलावं हे तिला पाठ आहे. माझ्यापुढे मात्र त्यातलं काहीच तिने काढलं नाही. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि म्हणाली, "हात बघू तुझे." मी दोन्ही हात पुढे केले. तिने ते खालून धरले आणि आम्ही दोघी बघत राहिलो. थरथर होती, पण ती तिच्या हातांची.

"त्या फवाऱ्यानं तर नसेल झालं?" तिने विचारलं.

तिची शंका वेडगळ नव्हती. गाडीत मलाही तीच आली होती. म्हणून फवारा म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं.

तान्हं मूल जगातल्या कुठल्याही भाषेतले ध्वनी वेगवेगळे ओळखू शकतं. वर्षाचं होता होता ही ताकद आटत जाते. घरात कानावर पडणारे ध्वनी टिकतात, बाकीच्यांतले बारीक फरक कळेनासे होतात. यामागचं एक कारण मेंदूच्या श्रवणकेंद्रात आहे. तिथल्या काही पेशींभोवती प्रथिनं आणि शर्करा यांचं बारीक जाळं विणलं जातं आणि पेशींमधल्या जोडण्या पक्क्या होतात. त्या पक्क्या झाल्या म्हणून आपण आपली भाषा झरझर बोलतो, आणि पक्क्या झाल्या म्हणूनच मोठेपणी दुसरी कुठली भाषा बोलताना आतून मराठी डोकावत राहते. नाकात मारायचा फवारा हे जाळं थोड्या वेळापुरतं सैल करतो. तेवढ्या वेळात कानावर जे पडेल ते मेंदू तान्ह्या बाळासारखं मुळासकट उचलतो. चांगलं, वाईट असं काही निवडत नाही.

यात एक मजेशीर अडचण निघाली. तान्ही मुलं पडद्यावरून किंवा ध्वनिमुद्रणातून नवे ध्वनी शिकत नाहीत. त्यांना समोर जिवंत माणूस लागतं, त्याचे डोळे, ओठ, श्वास लागतात. फवारा घेतलेल्या मोठ्या माणसांचंही तेच झालं. भाषांतर यंत्रांनी ज्यांचा धंदा बुडवला होता, त्या खासगी शिकवणीवाल्यांना एकदम पुन्हा भाव आला. अट एवढीच, की शिक्षकाकडे परवाना हवा आणि एका विद्यार्थ्याला एकच शिक्षक हवा, नाहीतर ध्वनींची खिचडी होते. सांगलीतल्या एका शिकवणीत खिडकी उघडी राहायची आणि खाली रोज ठरल्या वेळी भंगारवाला यायचा. तिथल्या मुलांच्या जर्मन प्रश्नांच्या शेवटी भंगारवाल्याचा हेल लागला तो कायमचाच.

माझ्या शिक्षिका मालिनी आठल्ये. मिरजेत सगळे त्यांना बाई म्हणतात. त्या उमेदीची सगळी वर्षं जर्मनीत दुभाषी होत्या, नवरा गेल्यावर परत आल्या आणि ब्राह्मणपुरीत पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांची पद्धत कडक होती. वर्गाला येताना कानांत कापूस घालून यायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही. दारात फवारा मारायचा, कापूस काढायचा आणि बाईंच्या समोर गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ बसायचं. शेजारच्या काकू तेवढ्या वेळात मिक्सर लावत नसत. जर्मनमधला एक स्वर मला महिनाभर जमेना, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "ओठ 'ऊ'चे, जीभ 'ई'ची, आणि तुझं डोकं ड्रेस्डेनला. ते आधी परत आण."

बाईंचं जर्मन संथ, हळुवार. त्यांचे विद्यार्थी हुबेहूब बाईंसारखं बोलतात, असं गावात कौतुकाने म्हणत. गाणं शिकणाऱ्यांच्या गावात याहून मोठी शाबासकी नसते.

फवाऱ्याने पार्किन्सन होत नाही हे मी आईला समजावलं. तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी ती खाणावळ बंद ठेवून माझ्याबरोबर डॉक्टर मगदूमांकडे आली. गल्लीतले मज्जाविकारतज्ज्ञ तेच, आणि त्यांचा डबा आमच्याकडूनच जातो.

डॉक्टरांनी आधी धीर दिला. लवकर सापडलंय हे नशीब, असं म्हणाले. मेंदूतल्या उरलेल्या पेशी वाचवणारं औषध आता आहे, पण ते हाताला कंप सुटायच्या आतच उपयोगी पडतं. कंप सुटला की गाडी गेली. आवाजातला बदल त्याच्या बराच आधी सुरू होतो. बोलण्यातले चढउतार सपाट होतात, वाक्याच्या शेवटी आवाज विरतो, प, ट, क अशी व्यंजनं बोथट होतात. माणसाच्या कानाला हे कळत नाही, यंत्राला कळतं.

मग तपासण्या झाल्या. त्यांनी मला चालवलं, वळवलं, बोटं आपटायला लावली, कॉफी आणि लवंग वासावरून ओळखायला लावली. मेंदूचं चित्र काढलं. ते निर्मळ होतं. आवाजाच्या यंत्रासमोर मी मराठीत बोलले, तिथेही काही नाही. डॉक्टर घोटाळ्यात पडले आणि म्हणाले, आता परीक्षेत बोललीस तसं जर्मन बोल. मी दोन वाक्यं बोलले असेन, तोच यंत्राची पट्टी लाल झाली.

त्यांनी मला पुन्हा मराठीत बोलायला लावलं. हिरवी. जर्मन. लाल.

"रोगाला भाषा कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "मराठीत ठणठणीत आणि जर्मनमध्ये आजारी असं माणूस नसतं. यंत्र चुकतंय."

खात्रीसाठी त्यांनी वॉर्डातून एस्तेर भोरेला बोलावलं. एस्तेर त्यांच्याकडे नर्स आहे आणि बाईंकडे माझ्याच तुकडीत होती. तिची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. हॅम्बुर्गच्या रुग्णालयात तिला नोकरी मिळाली होती आणि इथला राजीनामाही देऊन झाला होता. तीही जर्मन बोलली. लाल. डॉक्टरांनी हात झटकले. आपल्या लोकांचं जर्मन या यंत्राला झेपत नाही, असा निष्कर्ष काढून त्यांनी मला निरोगी असल्याचा दाखला द्यायचं कबूल केलं, एस्तेरलाही तसाच देईन म्हणाले आणि राउंडला निघून गेले. आईने भिंतीला टेकून डोळे मिटले. मग डॉक्टरांच्या डब्यात आज शिरा घालते म्हणत ती घरी गेली.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मी पदार्थविज्ञान शिकलेय, आणि दोन वेगळ्या माणसांच्या आवाजात तोच संकेत इतका सारखा येतो तेव्हा उपकरणाला दोष देऊन पुढे जाणं मला जमत नाही. आपल्या लोकांचं जर्मन झेपत नसेल तर ते सगळ्यांचंच झेपायला नको. एस्तेरचा भाऊ रुबेन आमच्या आधीच्या तुकडीत बाईंकडे शिकला होता आणि आता हॅम्बुर्गमध्ये होता. तिथल्या मित्रांशी जर्मनमध्ये गप्पा मारतानाचे त्याचे व्हिडिओ तिच्या फोनमध्ये होते. त्यातला एक यंत्राला ऐकवू या, असं मी म्हटलं.

पट्टी हिरवी राहिली.

एकाच घरातली दोन मुलं, एकच शिक्षिका, मधे दीड-दोन वर्षं. जे बदललं होतं ते विद्यार्थ्यांमध्ये नव्हतं. एस्तेरने फोन बंद केला आणि खिशात घातला. ती माझ्याकडे बघत नव्हती. मीच मोठ्याने म्हटलं, की हा आजार आपला नाही, बाईंचा आहे. आपण त्यांच्या ध्वनींबरोबर तोही उचलला.

"एवढी हुशारी पेपरात दाखवायची," एस्तेर म्हणाली.

नियम आम्हा दोघींना ठाऊक होता. शिक्षकाच्या आवाजात दोष निघाला तर त्याच्या चालू तुकडीचे सगळे निकाल रद्द. दुसऱ्या शिक्षकाकडे पहिल्यापासून शिकायचं, आणि फवाऱ्याचा दुसरा कोर्स वर्षभर घेता येत नाही. वर्षभर ना ड्रेस्डेन थांबणार होतं ना हॅम्बुर्ग.

एस्तेरने सरळ हिशेब मांडला. डॉक्टर दाखला देतायत तो घ्यायचा, निघायचं, आणि तिकडे पोचल्यावर बाईंना फोन करून सांगायचं. दोन-तीन महिन्यांत काय बिघडणार आहे. हे म्हणताना तिने वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. तिथे रोज काय बघायला मिळतं ते तिला माझ्याहून जास्त माहीत होतं. कंप कोणत्या दिवशी सुटतो ते कुणालाच आधी कळत नाही.

शेवटी तिने बिल्ला सरळ केला. "बाईंकडे मी येणार नाही तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "मला नाही जमायचं. पण तू जाणार असशील तर मी तुला अडवणार नाही."

त्याच दुपारी मी ब्राह्मणपुरीत गेले. कानांत कापूस नव्हता, त्यामुळे जिन्यात पहिल्यांदाच मला शेजारच्या काकूंचा रेडिओ ऐकू आला. बाई पोहे खात होत्या. निकाल विचारला, माझ्यासाठी बशी काढली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पहिल्यापासून, प्रयोगशाळेत निष्कर्ष सांगतात तसं. तसं नसतं सांगितलं तर मला सांगताच आलं नसतं.

बाई आधी हसल्या. "परीक्षा तुझी आणि आजार माझा? झकास न्याय आहे."

मी हसले नाही हे बघून त्यांनी चमचा खाली ठेवला. मग त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. दोन विद्यार्थिनींवरून काय सिद्ध होतं? आम्ही दोघी वर्गाबाहेर एकमेकींशी जर्मन बोलत होतो का? रुबेनचा व्हिडिओ कधीचा? प्रश्न एकाहून एक चोख होते. शेवटी त्या म्हणाल्या, "बोलून दाखव. मी ऐकते."

मी पहिल्या धड्यातला उतारा म्हटला. बाईंनी डोळे मिटून ऐकला आणि उघडले तेव्हा त्यांत निव्वळ समाधान होतं. यात चूक काय आहे ते दाखव, असं त्या म्हणाल्या. मला दाखवता येईना. माझ्याही कानाला ते अगदी बरोबर वाटत होतं. यंत्राने लाल केलेले स्वर माझ्या मेंदूत बरोबर म्हणूनच कोरले गेले होते. हे लक्षात आलं तेव्हा मला पुण्यातल्या खोलीतल्यापेक्षा मोठा धक्का बसला. बाईंच्या खोलीत आम्ही दोघी होतो आणि ऐकणारा कान एकच होता.

मी रुबेनला फोन लावला आणि काही न सांगता बाईंच्या हातात दिला. बाईंशी जर्मनशिवाय बोलायचं नाही हा त्याचा जुना शिरस्ता. तो खुशीत काहीबाही सांगत सुटला, नवी खोली, मासे, थंडी. बाईंनी फोन कानापासून थोडा लांब धरला. मग आणखी लांब धरला. त्याला तब्येत जप म्हणाल्या आणि फोन परत दिला.

"हा एवढा ओरडतो का?" बाई म्हणाल्या. "तिकडे जाऊन बिघडला. मी असं आदळआपट करत बोलायला शिकवलं नव्हतं."

मी फोन मांडीवर ठेवला. "बाई, त्याने तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे फवारा घेतलेला नाही."

रुबेन ओरडत नव्हता. तो दीड-दोन वर्षांपूर्वीच्या मालिनी आठल्येंसारखं बोलत होता, आणि त्या आवाजाला आज त्यांनी आदळआपट म्हटलं होतं. या आजारात माणसाचा आवाज खाली जातो तेव्हा त्याच्या कानाचं मोजमापही त्याबरोबर खाली घसरतं. आपण नेहमीसारखंच बोलतोय असं त्याला वाटत राहतं. हे मी नंतर वाचलं. त्या क्षणी मला फक्त बाईंचा चेहरा दिसत होता. आरशात बघावं आणि दुसरंच कुणीतरी दिसावं, तसा तो झाला होता.

त्यांनी विचारलं, "तुमची विमानं कधी आहेत?"

एस्तेरचं दोन महिन्यांनी, माझं त्याच्या नंतर, असं मी सांगितलं.

"मग तोवर मी काही ऐकलेलं नाही. आधी विद्यार्थी पोचवायचे, मग शिक्षकाने आजारी पडायचं. नवी तुकडी मी उद्याच रद्द करते, त्यांच्या कानांत हे जाता कामा नये. पण तुमचं झालंय, ते वाया घालवायचं नाही." हे सगळं त्या नेहमीच्या, हळू, समजुतीच्या सुरात म्हणाल्या आणि बशी माझ्यापुढे सरकवली. "खा."

मला त्यांच्याकडून रागाची अपेक्षा होती, रडण्याची होती. याची नव्हती. एस्तेरने मांडलेला हिशेबच बाई मांडत होत्या, फक्त किंमत स्वतःच्या खिशातून काढत होत्या. क्षणभर मला तो हिशेब आवडला हे खोटं कशाला सांगू. ड्रेस्डेनची ती लांब खोली, लेसरची हिरवी रेघ, सगळं हाताच्या अंतरावर होतं. फक्त पोहे खायचे होते.

मी डॉक्टर मगदूमांच्या दवाखान्याचा नंबर लावला. बाई नको म्हणत उठल्या. वर्ष जाईल तुझं, म्हणाल्या. मी म्हटलं, "जाऊ दे. एक वर्ष मराठीत बोलेन."

स्वागतकक्षातल्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं. माझं तोंड उघडलं, पण नाव येईना. ते मी घेतलं की बाई आजारी होणार होत्या, आणि एस्तेरचं हॅम्बुर्गही जाणार होतं. पलीकडून हॅलो, हॅलो चाललं होतं.

बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि आपलं नाव सांगितलं.

"जरा मोठ्यानं बोला," पलीकडची मुलगी म्हणाली. "काहीच ऐकू येत नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या खुर्चीत सरळ बसल्या, श्वास घेतला आणि परक्या माणसावर खेकसावं लागल्यासारख्या लाजून, लालबुंद होऊन, एकेक अक्षर तोडत म्हणाल्या, "मालिनी. गजानन. आठल्ये."

"हां," मुलगी म्हणाली, "आता नीट ऐकू आलं. उद्या सकाळी या."